मर्यादित खर्चात ऑल-ग्रेन बिअर: पहिली साधने कशी निवडावीत

घरी बिअर करणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. एक वाट तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या (माल्टच्या) गोड अर्काची: तो पाण्यात विरघळवायचा, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुले) घालून उकळायचा आणि आंबवायला ठेवायचा. दुसऱ्या वाटेने जाणारा भरडलेले माल्ट स्वतः गरम पाण्यात मुरवतो, त्यातील स्टार्चची साखर होऊ देतो, आणि मग तो गोड द्रव, म्हणजे वर्ट, गाळून, उकळून, थंड करून त्यात यीस्ट सोडतो. ही दुसरी पद्धत म्हणजे ऑल-ग्रेन. तिच्यात कच्चा माल स्वस्त पडतो आणि चवीवरचा ताबा जवळजवळ पूर्ण आपल्या हाती राहतो. मात्र तीन पातेली, दोन पंप, तांब्याची वेटोळी, दात्यांच्या चक्क्या अशा याद्या वाचून नवखा माणूस एकतर हात आखडता घेतो, नाहीतर नको त्या वस्तूंवर पैसे घालवतो.

या लेखात मी खरेदीची एकच कसोटी लावली आहे. प्रत्येक वस्तूबाबत स्वतःला विचारावे: ही नसेल तर बिअर बिघडेल, की फक्त माझे कष्ट वाढतील? जिच्यावाचून बिअर बिघडते ती वस्तू आधी आणि चांगल्या प्रतीची घ्यावी. जिच्यावाचून केवळ घाम जास्त गळतो ती खुशाल पुढे ढकलावी. ही कसोटी लावली की बहुतेक चकाकणारी भांडी यादीच्या तळाशी जातात आणि थर्मामीटरसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू वर येतात.

१. कायदा आणि जागा आधी तपासा

घरच्या वापरापुरती बिअर तयार करण्याचे नियम देशागणिक, आणि काही देशांत प्रांतागणिक, बदलतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून त्यासाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली, तरी राज्यांचे नियम आपापले राहिले. काही ठिकाणी परवान्यावाचून मद्य आंबवणे हाच गुन्हा ठरतो. म्हणून एकही वस्तू विकत घेण्यापूर्वी आपल्या भागातील उत्पादन शुल्काचा चालू नियम, वर्षाकाठी किती लिटरची मुभा आहे ती मर्यादा आणि वयाची अट वाचून घ्यावी. परवाना किंवा नोंदणी लागत असेल तर वयाचा आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा, आणि घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. दारू गाळणे ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. बिअरची मुभा असली म्हणून ऊर्ध्वपातनाची मुभा मिळत नाही.

जागेबाबत चार गोष्टी पाहाव्यात: पाण्याचा नळ किती जवळ आहे, सांडलेले पाणी कुठे जाईल, वाफ बाहेर कशी पडेल, आणि आंबवण ठेवण्यासाठी दोनतीन आठवडे न हलवता सोडता येईल असा थंड, अंधारा कोपरा आहे का.

२. बॅच किती लिटरची, हे ठरवा

साधनांची निवड इथेच निम्मी होऊन जाते. बहुतेक पाककृती २० लिटरच्या असतात, म्हणून नवखे लोकही विचार न करता २० लिटरची साधने घेतात. मर्यादित खर्चात सुरुवात करणाऱ्याने १० लिटरपासून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १० लिटरला साधारण अडीच किलो माल्ट लागते. भिजलेली पिशवी पाच किलोच्या आसपास भरते आणि एका माणसाला उचलता येते. २० लिटरला पाच किलो माल्ट आणि तेवढ्याच प्रमाणात वाढलेले पाणी, म्हणजे कढत दहा किलोचे ओझे दोन्ही हातांनी पातेल्यावर धरून ठेवायचे. शिवाय स्वयंपाकघरातली शेगडी १० लिटर सहज उकळवते आणि २० लिटरपुढे बहुधा हात टेकते. फसलेली बॅच ओतून द्यावी लागली तरी नुकसान निम्मेच होते, आणि तेवढ्याच माल्टमध्ये दोनदा शिकायला मिळते.

त्याहून लहान, म्हणजे पाच लिटरची बॅचही करता येते, पण हायड्रोमीटरसाठी (द्रवाचे घनत्व मोजणाऱ्या साधनासाठी) काढलेला नमुना आणि तळाचा गाळ यांतच तिचा मोठा वाटा निघून जातो.

३. पिशवी की कूलर: पद्धत निवडा

माल्ट मुरवण्याच्या टप्प्याला मॅश म्हणतात. तो करण्याच्या तीन पद्धती बाजारात दिसतात.

पहिली पिशवीची पद्धत. एकाच पातेल्यात जाळीदार पिशवी लावायची, तिच्यात माल्ट मुरवायचे, तासाभराने पिशवी उचलून निथळू द्यायची आणि त्याच पातेल्यात वर्ट उकळायचे. ऑस्ट्रेलियातील घरगुती बिअर करणाऱ्यांनी ही पद्धत रूढ केली आणि ती जगभर पसरली, याचे कारण उघड आहे: एक पातेले आणि एक पिशवी एवढ्यातच काम भागते.

दुसरी पद्धत कूलरची. पाणी गार ठेवण्यासाठी असलेल्या जाड भिंतींच्या डब्यात तळाशी जाळी बसवून मॅश करायचा, तोटीतून वर्ट काढून घ्यायचे, आणि वरून गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन घ्यायची. तापमान तासभर चांगले टिकते आणि मोठ्या बॅचला ओझे उचलावे लागत नाही. मात्र कूलर, जाळी, तोटी, शिवाय पाणी तापवण्याचे वेगळे भांडे, असा खर्च वाढतो. पाच किलो माल्टला किलोमागे तीन लिटर पाणी घेतले तर मिश्रण सुमारे साडेअठरा लिटर होते, त्यामुळे २५ लिटरचा कूलर पुरतो. स्वस्त कूलरचे आतील अस्तर ७० अंशांच्या पुढच्या पाण्याने फुगते किंवा वाकते, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

तिसरा पर्याय सर्व काही एकात असलेल्या विजेच्या यंत्रांचा. ग्रेनफादर, ब्रूझिला ही त्यांपैकी परिचित नावे. ही यंत्रे उत्तम काम करतात, पण आपल्या कसोटीवर ती दुसऱ्या गटात पडतात: ती कष्ट वाचवतात, पण बिअर त्यांच्यावाचून अडत नाही. वर्षभरानंतरही छंद टिकला तर त्यांचा विचार करावा.

पुढचे सारे विवेचन १० लिटर आणि पिशवी हे गृहीत धरून केले आहे. २० लिटरचे आकडे जिथे वेगळे पडतात तिथे तेही दिले आहेत.

४. पातेले: एकदाच घ्या, पण हिशेब करून घ्या

येथे होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे १० लिटरच्या बॅचला १० किंवा १२ लिटरचे पातेले घेणे. पुढील हिशेब कागदावर मांडून पाहा. आंबवायला १० लिटर वर्ट हवे. तळाचा गाळ आणि थंड होताना आकसणारे प्रमाण मिळून दीड लिटर धरा. तासाभराच्या उकळीत अडीच लिटर वाफ होऊन जाईल. निथळल्यावरही माल्टमध्ये दोन लिटर पाणी अडकून राहील. बेरीज १६ लिटर. या पाण्यात अडीच किलो माल्ट बुडवले की पातळी आणखी सुमारे पावणेदोन लिटरने चढते, म्हणजे पातेल्यात १७.७ लिटर झाले. २० लिटरचे पातेले जेमतेम पुरते. २५ लिटरचे निर्धास्त. हाच हिशेब २० लिटरच्या बॅचसाठी केला तर ३३ लिटर येतात, म्हणजे किमान ३५ आणि शक्य तर ४० लिटरचे पातेले.

हाताशी थोडे लहान पातेले आधीच असेल तर नवे घेण्याची घाई करू नये. दोनतीन लिटर पाणी बाजूला ठेवून मॅश घट्ट करावा आणि पिशवी उचलल्यावर तेच पाणी तापवून तिच्यावरून हळूहळू ओतावे. साखर धुतली जाते आणि आकारमानही साधते.

पातेल्यावर लिटरचा आकडा लिहिलेला नसेल, किंवा लिहिलेल्या आकड्यावर विश्वास नसेल, तर टेप घेऊन दुकानात जावे. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले उंची, सर्व सेंटिमीटरमध्ये, आणि उत्तराला हजाराने भागावे. ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि तितक्याच उंचीचे पातेले २१ लिटरचे भरते. रुंद आणि बसक्या पातेल्यापेक्षा उंची व्यासाइतकी किंवा थोडी अधिक असलेले पातेले घ्यावे. रुंद तोंडातून वाफ जास्त जाते आणि दर वेळी पाण्याचा हिशेब चुकतो.

धातूबद्दल अकारण वाद घातले जातात. स्टेनलेस स्टील सर्वांत सोयीचे, कारण ते कोणत्याही साबणाने घासता येते. ॲल्युमिनियम स्वस्त, हलके आणि लवकर तापणारे असते व त्यात बिअर उत्तम होते. फक्त पहिल्या वापराआधी त्यात साधे पाणी तासभर उकळावे, म्हणजे आतून ऑक्साइडचा करडा थर धरतो, आणि तो थर नंतर घासून काढू नये. तीव्र अल्कली असलेली साफसफाईची पूड ॲल्युमिनियमला चालत नाही. मुलामा दिलेले भांडे टवके उडालेले नसेल तर चालते. जस्ताचा थर दिलेली बादली किंवा टाकी मात्र कधीही वापरू नये, कारण वर्ट आम्लधर्मी असते आणि जस्त त्यात उतरते.

तोटी, आतील लिटरच्या खुणा, झाकणात बसवलेला थर्मामीटर या गोष्टींनी किंमत झपाट्याने चढते. १० लिटरला यांपैकी काहीच लागत नाही. खुणांचे काम लाकडी उलथन्यावर भागते: लिटर-लिटर पाणी ओतत जावे आणि प्रत्येक पातळीला दांड्यावर चाकूने खाच पाडावी.

५. उष्णतेचा स्रोत

दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी १६ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर न्यायला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, २८ मिनिटे घेते. प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास धरावे. हे सहन होण्यासारखे आहे. २० लिटरच्या बॅचला मात्र जवळजवळ ३० लिटर पाणी लागते, आणि तिथे कागदावरचा वेळच ५१ मिनिटांचा होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तासाला साडेतीन लिटर वाफ काढायलाच दोन किलोवॉटपेक्षा अधिक शक्ती खर्च होते, त्यामुळे दोन किलोवॉटच्या शेगडीवर तेवढे मोठे पातेले नुसते खदखदत राहते, खळखळून उकळत नाही. २० लिटर करायचे असतील तर तीन किलोवॉटच्या पुढचा विजेचा स्रोत किंवा बाहेर वापरायचा गॅस बर्नर घ्यावाच लागतो.

इंडक्शनसाठी पातेल्याच्या तळाला चुंबक चिकटतो का, हे खरेदीआधीच पाहावे. मोठे गॅस बर्नर बंद खोलीत कधीही लावू नयेत. अपुऱ्या हवेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगाने, वासाने कळत नाही. शेगडीवर किती वजन चालते तेही पुस्तिकेत बघा, कारण काचेच्या पृष्ठभागाच्या काही शेगड्यांना भरलेल्या पातेल्याचे वजन पेलत नाही.

६. पिशवी

पॉलिस्टरच्या बारीक जाळीच्या, पडद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॉइल कापडाची पिशवी सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ ठरते. पिशवी पातेल्याच्या आतून पूर्ण बसेल आणि काठावरून बाहेर दुमडेल इतकी मोठी शिवावी. आखूड पिशवीत माल्टचा गोळा होतो, मधपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि साखर कमी उतरते. शिवण दुहेरी आणि पॉलिस्टरच्या धाग्याचीच असावी. तळाशी स्टीलची एखादी चाळणी किंवा जाळी उलटी ठेवली म्हणजे शेगडी चालू असताना कापड जळत नाही.

पिशवी निथळण्यासाठी पातेल्यावर ओव्हनची जाळी आडवी टाकली तरी पुरते. २० लिटर करणाऱ्यांनी छताला भक्कम आकडा आणि कप्पी लावावी; गरम पिशवी हातात तोलत उभे राहणे हा या छंदातला सर्वांत धोकादायक क्षण आहे.

७. माल्टची भरड

स्वतःची दोन रोलरची चक्की ही चांगली वस्तू आहे, पण पहिल्या वर्षी ती घेऊ नये. विक्रेत्याकडून माल्ट भरडून मागवावे आणि हवाबंद, कोरड्या डब्यात ठेवून काही आठवड्यांत वापरावे. भरड कशी असावी हे मात्र ओळखता आले पाहिजे: प्रत्येक दाणा फुटलेला, आतला गर तुकड्यातुकड्यांत, आणि साल शक्यतो अखंड. अखंड साल कूलरमध्ये गाळणीचे काम करते. तिचा भुगा झाला तर मॅश तुंबतो. पिशवीला थोडी बारीक भरडही चालते. मिक्सरमध्ये माल्ट फिरवू नये. निम्मे पीठ आणि निम्मे अख्खे दाणे, असा माल हाती येतो.

८. मोजण्याची साधने: इथे हात आखडू नका

मॅशमध्ये ६५ आणि ६९ अंश यांत मोठे अंतर आहे. ६२ ते ६५ अंशांच्या आसपास माल्टमधले बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) जोरात काम करते, यीस्टला पचणारी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी लागते. ७० च्या जवळ ते झपाट्याने निकामी होते, अल्फा-अमायलेज हे दुसरे विकर काम चालू ठेवते, आणि न आंबणारी साखर उरून बिअर भरीव व गोडसर होते. तीन अंशांनी चुकणारा थर्मामीटर वापरलात तर तुम्ही प्रत्यक्षात वेगळीच पाककृती करत असता, आणि ते तुम्हाला कळतही नाही. म्हणून चार सेकंदांत आकडा दाखवणारा, सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. तो पडताळून घ्यावा: ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या घट्ट मिश्रणात शून्य, आणि उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १०० अंश दिसले पाहिजेत, उंचीवर दर ३०० मीटरला सुमारे एक अंश वजा करावा. पातेल्यात एकाच ठिकाणी मोजू नये. ढवळून, मध्यभागी आणि कडेला, अशा दोनतीन नोंदी घ्याव्यात.

माल्ट घालण्याआधी पाणी किती तापवावे, हेही याच साधनावर अवलंबून आहे. पिशवीच्या पद्धतीत सगळे पाणी एकदम असल्यामुळे ६७ अंश हवे असतील तर २० अंशांच्या माल्टसाठी पाणी ७० अंशांवर पुरते. कूलरमध्ये किलोमागे तीन लिटर पाणी असेल तर तेच ७३ च्या थोडे पुढे न्यावे लागते. मॅशच्या तासाभरात पातेल्याला जुने ब्लँकेट किंवा गोधडी गुंडाळून ठेवावी. हे करताना शेगडी बंद असल्याची खात्री करावी.

हायड्रोमीटर स्वस्त असतो आणि हमखास फुटतो, तेव्हा दोन घ्यावेत. तो आंबवण्याआधीचे आणि नंतरचे घनत्व दाखवतो. सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१० आले तर फरकाला १३१.२५ ने गुणावे: सुमारे पाच टक्के मद्यार्क. पण त्याचे खरे काम सुरक्षिततेचे आहे, ते पुढे बाटल्यांच्या भागात येईल. साध्या पाण्यात, त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा २० अंशांना, तो १.००० दाखवतो का ते पाहावे, आणि गरम वर्टमध्ये तो बुडवू नये. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, ही सोय खरी. मात्र मद्यार्क तयार झाल्यावर त्याचा आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. त्यामुळे तो हायड्रोमीटरला पर्याय होत नाही.

वजनकाटे दोन लागतात. माल्टसाठी पाच किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा, आणि हॉप्स, यीस्ट व क्षार यांच्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. १० लिटरला यीस्टचे ११.५ ग्रॅमचे पाकीट अर्धे पुरते, आणि अर्धे पाकीट अंदाजाने ओतू नये.

९. वर्ट थंड करण्याची सोय

उकळी संपल्यावर वर्ट लवकरात लवकर २० अंशांच्या आसपास आणायचे असते, कारण कोमट आणि गोड द्रवात जंतूंची वाढ यीस्टच्या आधी सुरू होते. १० लिटरसाठी मोठ्या टपात किंवा बेसिनमध्ये बर्फाचे पाणी घेऊन पातेले त्यात ठेवणे, अधूनमधून निर्जंतुक पळीने हलवणे आणि पाणी बदलणे पुरेसे असते. खर्च फक्त बर्फाचा.

२० लिटरला मात्र तांब्याच्या नळीचे वेटोळे, म्हणजे इमर्शन चिलर, घ्यावेच. १० ते १२ मिलिमीटर जाडीची सातआठ मीटर मऊ तांब्याची नळी एखाद्या गोल डब्याभोवती सावकाश गुंडाळली की ते घरीही करता येते. उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत ते पातेल्यात सोडले म्हणजे आपोआप निर्जंतुक होते. एक मर्यादा लक्षात घ्यावी: नळाचे पाणीच २८ अंश असेल तर वर्ट २८ च्या खाली कधीही जाणार नाही, मग नळी कितीही लांब असो. अशा वेळी ४० अंशांपर्यंत नळाचे पाणी आणि त्यापुढे बर्फाच्या बादलीतले पाणी छोट्या पंपाने फिरवावे.

१०. फर्मेंटर आणि त्याचे तापमान

फर्मेंटर म्हणजे आंबवण्याचे भांडे. त्यासाठी अन्नासाठी योग्य अशी खूण असलेली, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बादली किंवा रुंद तोंडाचा पीईटीचा डबा घ्यावा. यीस्टचा फेस वर येण्यासाठी निदान पाव भाग जागा मोकळी हवी, म्हणून १० लिटरला १३ ते १५ लिटरचा डबा. झाकणात भोक पाडून एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची झडप, बसवावा. काचेचे मोठे कार्बॉय दिसायला देखणे असतात, पण ओल्या हातातून निसटलेली वीस किलोची काच किती खोल जखम करते याची कल्पना करावी आणि प्लास्टिक घ्यावे. प्लास्टिकच्या आत तारेचा काथ्या कधीही फिरवू नये. ओरखड्यांत जंतू घर करतात.

पैसे शिल्लक असतील तर पंप किंवा चक्कीऐवजी ते तापमान सांभाळण्यावर खर्च करावेत. बहुतेक एल यीस्ट (कोमट तापमानाला आंबवणारे नेहमीचे प्रकार) १८ ते २० अंशांना स्वच्छ चव देतात, आणि आंबवण जोरात असताना आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक असते. २८ अंशांच्या खोलीत साध्या यीस्टने केलेल्या बिअरला सॉल्व्हंटसारखा वास आणि डोके धरायला लावणारी जड मद्यार्के येतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फर्मेंटर पाण्याच्या टपात ठेवणे, त्याला ओला पंचा गुंडाळणे आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेली पाण्याची बाटली टपात सोडणे. पहिले चार दिवस हे मनापासून केले तरी पुष्कळ साधते. त्याहून वरचा उपाय जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक. तिसरा उपाय यीस्ट बदलण्याचा: नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांतही चांगली बिअर देते. उष्ण जागेत राहणाऱ्याने फ्रिज घेण्याआधी ते वापरून पाहावे.

११. स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण

ही दोन कामे वेगळी आहेत आणि क्रमानेच होतात. आधी धुऊन चिकटलेला थर काढायचा, मग निर्जंतुक करायचे. मळावर औषध चालत नाही. धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट स्वस्त आणि प्रभावी आहे, ॲल्युमिनियम सोडून. निर्जंतुकीकरणासाठी फॉस्फरिक आम्लाधारित, न धुता चालणारे द्रावण घ्यावे. स्टार सॅन हे त्यातले सर्वपरिचित. बाटली महाग वाटते, पण लिटरला एकदोन मिलिलिटर एवढेच लागत असल्याने ती फार काळ पुरते. फेस राहिला तरी चालतो. एका फवारणीच्या बाटलीत तयार द्रावण भरून ठेवावे. प्रमाण लेबलवरचेच पाळावे.

उकळीनंतर वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. उकळीआधीच्या वस्तू नुसत्या स्वच्छ असल्या तरी पुरे. ब्लीच स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडते, आणि आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ते या कामातून वगळलेलेच बरे.

१२. बाटल्या भरण्याची साधने

केग (बिअर दाबाखाली साठवण्याचे पिंप), कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे, रेग्युलेटर हे सारे नंतरचे. सुरुवातीला सायफनची नळी, तिच्या टोकाला दाबल्यावरच उघडणारी भरण्याची नळी, झाकण दाबून बसवणारा दोन दांड्यांचा कॅपर आणि २६ मिलिमीटरची पत्र्याची झाकणे एवढे पुरते. बाटल्या तपकिरी, जाड काचेच्या आणि ओपनरने उघडणाऱ्या प्रकारच्या असाव्यात. फिरवून उघडणाऱ्या बाटल्यांवर हे झाकण नीट बसत नाही, आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश जाऊन हॉप्सला उग्र दर्प येतो. सोडावॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या तर कॅपरचाही खर्च वाचवतात: त्या दाबून पाहिल्या की आत वायू किती धरला आहे ते कळते. त्या अंधारात ठेवाव्यात. १० लिटरच्या बॅचमधून सुमारे नऊ लिटर हाती येतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १८ बाटल्या.

बुडबुड्यांसाठी लिटरला सहा ग्रॅम साखर पुरेशी आहे, आणि ती छोट्या काट्यावर मोजूनच घालावी. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपले, असे समजू नये. हायड्रोमीटरचा आकडा दोनतीन दिवसांच्या अंतराने तोच आला पाहिजे. आंबवण अपुरे असताना भरलेली काचेची बाटली बॉम्बसारखी फुटते. हायड्रोमीटरला मी सुरक्षिततेचे साधन म्हटले ते याचसाठी.

१३. खरेदीची यादी आणि क्रम

आधी घ्यायच्या वस्तू:

- २० ते २५ लिटरचे पातेले, झाकणासह
- व्हॉइलची पिशवी आणि तळाची जाळी
- डिजिटल थर्मामीटर
- दोन हायड्रोमीटर आणि नमुन्याची उभी नळी
- दोन वजनकाटे
- १३ ते १५ लिटरचा फर्मेंटर आणि एअरलॉक
- सोडियम परकार्बोनेट, निर्जंतुकीकरणाचे द्रावण, फवारणीची बाटली
- पाण्यातले क्लोरीन घालवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. १० लिटरच्या बॅचला चिमूटभरही जास्त होते

आंबवण चालू असताना, दोन आठवड्यांच्या अवकाशात, सायफन, भरण्याची नळी, कॅपर, झाकणे आणि बाटल्या जमवाव्यात. चिलर, चक्की, पंप, केग हे बराच काळ थांबू शकतात.

दोन सापळ्यांपासून जपावे. ‘नवशिक्यांचा संच’ म्हणून विकली जाणारी पेटी बहुतेक वेळा एक्स्ट्रॅक्टसाठी असते. तिच्यातले पातेले ऑल-ग्रेनला लहान पडते आणि ते दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते. दुसरा सापळा जुन्या वस्तूंचा: पातेले, कॅपर, चिलर, कूलर जुने घ्यायला हरकत नाही, पण प्लास्टिकच्या बादल्या, नळ्या आणि तोट्या नव्याच घ्याव्यात.

१४. माल्ट मागवण्याआधी पाण्याची चाचणी

सर्व साधने हाती आल्यावर एक दुपार साध्या पाण्यासाठी द्यावी. १६ लिटर पाणी पातेल्यात मोजून घ्यावे आणि ७० अंशांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे. मग शेगडी बंद करून, पातेले गुंडाळून, तासाभराने तापमान किती उतरले ते पाहावे. साध्या पाण्याने दोनतीन अंश गमावले तर ब्लँकेट आणखी एक लागेल. नंतर गुंडाळलेले काढून पाणी उकळवावे, झाकण न ठेवता तासभर खळखळू द्यावे आणि खाच पाडलेल्या दांड्याने किती लिटर उरले ते मोजावे. वर धरलेला अडीच लिटरचा आकडा हा अंदाज आहे. तुमच्या शेगडीचा आणि पातेल्याचा खरा आकडा या चाचणीत निघेल तोच. शेवटी तेच पाणी टपात थंड करून सायफनने फर्मेंटरमध्ये घ्यावे आणि झाकण, तोटी, एअरलॉक कुठे गळतात का ते रात्रभर पाहावे. या चाचणीतून जे आकडे निघतील ते चौथ्या भागातल्या हिशेबात घालावेत आणि त्यावरून माल्ट, हॉप्स व यीस्ट मागवावे.